राजगडाच्या वाटा

पुण्याहून साताऱ्याच्या रस्त्यानें निघालेला प्रवासी नसरापुरापाशीं पश्चिमेकडे वळला, म्हणजे सपाट मुलूख हळूहळू मागें पडूं लागतो. मार्गासनी ओलांडल्यावर डोंगरांच्या रांगा एकीमागें एक उभ्या राहतात. आणि त्यांत एक डोंगर असा दिसतो कीं, त्याच्या तीन बाजूंस तीन लांब सोंडा पसरल्या आहेत व मध्यें एक कडा ताठ उभा आहे. हा राजगड. त्याच्या पश्चिमेस, डोंगराच्या एकाच धारेनें जोडलेला, तोरणा. दक्षिणेकडे भोरच्या अंगास रोहिडा ऊर्फ विचित्रगड. आणि त्याच्याही पलीकडे रायरेश्वराचें पठार. वेल्हें व भोर या दोन लहान तालुक्यांत मराठी राज्याच्या प्रारंभाचा जवळजवळ सगळा भूगोल सांठवलेला आहे.

या राजगडास दर वर्षीं असंख्य लोक जातात. समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचार हजार फूट उंचीचा हा गड चढून वर आलेला माणूस प्रथम दम घेतो, नंतर इकडेतिकडे पाहतो, आणि पुष्कळदां मनांतून थोडासा खट्टू होतो. सुमारे पंचवीस वर्षें शिवाजी महाराजांची राजधानी असलेलें हें स्थळ. तेथें वाडे असतील, महाल असतील, निदान पडक्या भिंती तरी असतील, अशी त्याची अपेक्षा असते. दिसतात तीं जोतीं. पद्मावती व रामेश्वर यांचीं देवळें, एक तळें, सदरेची जागा आणि गवतांत अर्धवट बुडालेले चौथरे, एवढ्यावर त्याची नजर फिरते. राजधानी म्हणतात ती हीच काय, असा प्रश्न त्याच्या ओठांवर येतो.

प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु तो चुकीच्या जागीं उभें राहून विचारलेला आहे. राजगडावरील इमारती गेल्या हें खरें. लांकूड कुजलें, कौलें फुटलीं, चिरे कांहीं कोसळले, कांहीं वाहून नेले गेले. मात्र ज्या वाटांनीं हा माणूस वर आला, त्या वाटा राहिल्या आहेत. राजगड बांधणाऱ्यांची सारी बुद्धि त्या वाटांत आहे. कोणती वाट रुंद ठेवावी, कोणती अरुंद, कोठें वळण द्यावें, कोठें माणसाला वाकावयास लावावें, कोठें त्याला दोन भिंतींच्या मध्यें एकटें पाडावें, याचा विचार करून हा डोंगर घडविला गेला. वाडा पाहावयास डोळे पुरतात. राजगड पाहावयास पाय लागतात.

ही घडण कां करावी लागली, हें समजण्यासाठीं भोंवतालच्या मुलखाकडे पाहिलें पाहिजे. गुंजण मावळ, कानद खोरें, वेळवंड खोरें, रोहिड खोरें, हिरडस मावळ हीं सारीं नांवें याच दोन तालुक्यांतील नद्याखोऱ्यांचीं आहेत. प्रत्येक खोऱ्याचा देशमुख वेगळा, त्याचें वतन वेगळें, आणि बहुधा शेजारच्या खोऱ्याशीं त्याचा वादही ठरलेला. रोहिड खोऱ्याचे जेधे, गुंजण मावळचे शिळीमकर, हिरडस मावळांतील बांदल अशीं हीं घराणीं होतीं. तरुण शिवाजीराजांनीं हीं खोरीं एकेक करून जोडलीं. इ. स. १६४६-४७ च्या सुमारास तोरणा हातीं आला. आणि त्यानंतर त्याच रांगेंतील मुरुंबदेवाच्या डोंगरावर नवें बांधकाम सुरू झालें. तोरण्यावर सांपडलेलें धन या कामीं लागलें, अशी परंपरागत कथा आहे. धन कोठूनही येवो, जागेची निवड मात्र अचूक होती. तोरणा उंच व दांडगा, पण वर जागा अपुरी व बेताची. मुरुंबदेवाचा डोंगर तसा नव्हता. मध्यें बालेकिल्ल्याचा कडा, आणि उत्तरेस पद्मावती, पूर्वेस सुवेळा व पश्चिमेस संजीवनी अशा तीन माच्यांना पुरेल एवढें अंग त्याला होतें. या डोंगराचें नांव राजगड झालें.

पुढील पाव शतकांतील मोठमोठ्या घटनांचें मूळ या गडावर आहे. इ. स. १६५९ च्या सप्टेंबरांत महाराणी सईबाईंचें येथें देहावसान झालें. त्यांची समाधि पद्मावती माचीवर दाखवितात. त्यानंतर अवघ्या दोन महिन्यांनीं प्रतापगडाच्या पायथ्याशीं अफझलखानाचा वध झाला. खानाचें शिर राजगडास आणून बालेकिल्ल्याच्या महादरवाजापाशीं पुरलें, असें परंपरा सांगते. इ. स. १६६५ मध्यें मिर्झा राजे जयसिंगाच्या फौजांनीं राजगडाच्या पायथ्याचीं गांवें जाळलीं, परंतु गड त्यांच्या हातीं लागला नाहीं. त्याच वर्षीं जूनमध्यें पुरंदरचा तह झाला. तेवीस किल्ले मोंगलांस द्यावे लागले आणि बारा राहिले. त्या बारांत राजगड व तोरणा होते. इ. स. १६६६ च्या मार्चांत महाराज आग्र्यास निघाले ते येथूनच, आणि सुटून परत आले तेही येथेंच. इ. स. १६७० च्या फेब्रुवारींत राजाराम महाराजांचा जन्म झाला तोही राजगडावर. त्यानंतर राजधानी रायगडास गेली आणि राज्याभिषेकाचा सोहळा १६७४ सालीं तेथें झाला. त्या सोहळ्याची कीर्ति मोठी. पण राज्य टिकेल कीं बुडेल हा प्रश्न ज्या वर्षांत रोज नव्यानें उभा राहत होता, तीं वर्षें राजगडाचीं होत.

गड कसा असावा याविषयीं त्या काळच्या लोकांची कल्पना केवळ तर्कानें बांधण्याचें कारण नाहीं. शिवाजी महाराजांच्या वेळेपासून राज्यकारभार पाहिलेल्या रामचंद्रपंत अमात्यांनीं अठराव्या शतकाच्या प्रारंभीं आज्ञापत्र म्हणून राजनीतीचा जो ग्रंथ सिद्ध केला, त्यांत दुर्गांचें एक सबंध प्रकरण आहे. त्यांतील बोध थोडक्यांत असा : आधीं पाणी पाहावें, मग किल्ला बांधावा. एकाच झऱ्यावर विसंबूं नये; टाकीं खोदून सांठा करावा. गडास एकच दरवाजा असणें हा मोठा दोष. म्हणून दरवाजे अधिक ठेवावे, चोरदिंड्या ठेवाव्या, आणि नेहमींच्या राबत्यास लागतील तेवढ्याच वाटा मोकळ्या ठेवून बाकीच्या बुजवाव्या. गडावर येणारा मार्ग सुगम असूं नये आणि त्यावरील झाडी राखावी. हें वाचून राजगडाकडे पाहिलें, म्हणजे ग्रंथांतील एकेक वाक्य डोंगरावर उभें असल्यासारखें दिसतें.

पहिली वाट पालीची. वाजेघर व पाली या गांवांकडून चढणारा हा मार्ग गडाचा राजमार्ग होय. खडकांत खोदलेल्या पायऱ्यांवरून तो शांतपणें वर नेतो. पाली दरवाजा एवढा उंच व रुंद आहे कीं, त्यांतून अंबारीसह हत्ती जावा. परंतु हा दरवाजा ओलांडला म्हणजे गडांत प्रवेश झाला, असें मात्र नाहीं. थोडें वर चढून गेल्यावर दुसरा दरवाजा लागतो. त्याच्या दोहों बाजूंस बुरूज आहेत, आणि पहिल्या दरवाजांतून आलेला प्रत्येक जण तेथवर वरच्या लोकांच्या नजरेखालूनच चालत येतो. पाहुण्यास हा मार्ग मानाचा वाटावा व शत्रूस तोच मार्ग मरणाचा व्हावा, अशी ही योजना आहे.

दुसरी वाट गुंजवण्याहून चोरदरवाजाची. ती अगदीं उलट स्वभावाची. रानांतून निघालेली ही पायवाट शेवटीं कड्याला भिडते. आज तेथें लोखंडी कठडे लावलेले आहेत. पूर्वीं हातापायांचाच आधार होता. वर आलें म्हणजे एक लहानशी दिंडी, आणि तिच्यांतून माणूस वाकून, एकेकटाच, पद्मावतीच्या तळ्याजवळ बाहेर पडतो. दहा हजारांचें सैन्य असलें तरी या दारापाशीं तें एका माणसाएवढेंच होतें. आज सुटीच्या दिवशीं याच दारापाशीं लोकांची लांब रांग लागते. पुष्कळांस ती गैरसोय वाटते. साडेतीनशेंहून अधिक वर्षांपूर्वीं ज्या हेतूनें हें दार एवढें लहान केलें, तो हेतु अद्याप तडीस जात आहे, हें फारच थोड्यांच्या ध्यानांत येतें.

तिसरा गुंजवणे दरवाजा. एकामागें एक अशा तीन दरवाजांची ही मालिका आहे, पण तिकडची वाट आतां रानानें व पडझडीनें अवघड झाली आहे. चौथा आळू दरवाजा, संजीवनी माचीवर. वेळवंड खोऱ्यांतील भुतोंडें गांवाकडून येणारी वाट आणि तोरण्याच्या बुधला माचीवरून डोंगराच्या धारेनें येणारी वाट या दोन्ही येथें पोंचतात. तोरणा पाहून त्याच धारेनें राजगडास येणारे हौशी लोक आजही पुष्कळ आहेत. एका किल्ल्याचा दुसऱ्यास कसा आधार होता, हें नकाशावरून जेवढें कळत नाहीं, तेवढें या चालण्यांत कळतें. दिवसभर एक गड पाठीशीं असतो आणि दुसरा समोर.

संजीवनी माची सुमारे अडीच किलोमीटर लांब, तीन टप्प्यांनीं उतरत गेलेली आहे. तिचें खरें वैशिष्ट्य दुहेरी तट हें होय. आंत एक भिंत, बाहेर दुसरी भिंत, आणि दोहोंमध्यें माणूस कसाबसा चालेल एवढी अरुंद नाळ. बुरुजालाही बाहेरून दुसऱ्या बुरुजाचें चिलखत चढविलेलें आहे. बाहेरची भिंत तोफेनें फुटली तरी आंतली शाबूत राहावी, आणि फुटलेल्या भिंतींतून शिरलेला शत्रु नाळेंत अडकून वरून होणाऱ्या माऱ्याखालीं सांपडावा, अशी ही रचना आहे. नाळेंत उतरण्यासाठीं आंतून पायऱ्या ठेवल्या आहेत. त्या पायऱ्या उतरून आजचा प्रवासी नाळेंत उभा राहिला, म्हणजे अंधार, ओल आणि डोक्यावर आकाशाची एक चिंचोळी पट्टी एवढेंच त्याला दिसतें. तटाचें मर्म समजण्यास तो एक क्षण पुरेसा असतो.

पूर्वेची सुवेळा माची थोड्या वेगळ्या रूपाची. तेथें एका प्रचंड खडकास आरपार पडलेलें नैसर्गिक छिद्र आहे. त्याला नेढें म्हणतात. या माचीच्या तटावर लढतां लढतां पडलेल्या संताजी शिळीमकरांची आठवण सांगणारी जागाही तेथेंच आहे. या तिन्ही माच्यांच्या मध्यें बालेकिल्ला. त्याचा शेवटचा चढ उभ्या खडकाचा, आणि वर कमळें व स्वस्तिकें कोरलेला महादरवाजा. तीन माच्या पडल्या तरी बालेकिल्ला स्वतंत्रपणें लढूं शकेल, हें तेथें उभें राहिल्यावर सांगावें लागत नाहीं.

या वाटांची सर्वांत मोठी परीक्षा शिवाजी महाराजांच्या पश्चात् झाली. शंभूराजांच्या अखेरीनंतर गड मोंगलांकडे गेला, तो शंकराजी नारायण सचिवांच्या खटपटीनें परत आला. तेव्हां खुद्द औरंगजेब बादशहा इ. स. १७०३ च्या डिसेंबरांत राजगडाखालीं येऊन उतरला. हिंदुस्थानचा सम्राट आपल्या अफाट लष्करासह आला खरा, पण त्याची पहिली लढाई मराठ्यांशीं झाली नाहीं. ती वाटेशीं झाली. घाटांतील रस्ता तोफांस व छावणीस चालण्याजोगा करण्यासाठीं बेलदार व फावडेवाले आधीं पाठवून खडक फोडावे लागले. १७०४ च्या फेब्रुवारींत गड त्याच्या हातीं आला आणि त्याचें नांव नबीशहागड ठेवण्यांत आलें. मार्चांत तोरणाही पडला. एवढें करून लाभ किती झाला? इ. स. १७०७ च्या मार्चांत बादशहा अहमदनगरास मरण पावला, आणि त्याच वर्षीं राजगड पुन्हां मराठ्यांकडे आला. नवें नांव कागदावरच राहिलें.

पुढें हा मुलूख सचिवांच्या भोर संस्थानांत होता. संस्थानाचे तालुके पांच होते. त्यांतील चारांस गडांचींच नांवें होतीं : विचित्रगड, राजगड, प्रचंडगड म्हणजे तोरणा, आणि सुधागड. पांचवा पवनमावळ. १९४८ सालीं संस्थान विलीन झालें आणि सुधागड वगळतां कारभारांतून तीं नांवें गेलीं. मार्च २०२४ मध्यें राज्याच्या मंत्रिमंडळानें वेल्हें तालुक्यास राजगड हें नांव देण्याचा निर्णय घेतला, तेव्हां अनेकांस ती नवी गोष्ट वाटली. वस्तुतः तालुक्याचें तें जुनेंच नांव पुन्हां कारभारांत आलें.

राजगड आज महाराष्ट्र शासनाच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालयें संचालनालयाच्या ताब्यांतील संरक्षित स्मारक आहे. ११ जुलै २०२५ रोजीं पॅरिस येथील बैठकींत युनेस्कोनें मराठ्यांच्या बारा किल्ल्यांस जागतिक वारशाच्या यादींत स्थान दिलें. त्या बारांत राजगड आहे. आनंदाची गोष्ट आहे यांत शंका नाहीं. परंतु या मानाबरोबर एक संकटही गडावर चढूं लागलें आहे, आणि तें कोणत्याही दरवाजानें अडत नाहीं. तें संकट म्हणजे प्रेमानें येणाऱ्या माणसांचे पाय.

यांत अतिशयोक्ति नाहीं. डोंगरावरची पायवाट नागमोडी असते ती चढ सोपा व्हावा एवढ्याचसाठीं नव्हे; पाण्यानें सरळ धांव घेऊं नये यासाठींही. घाईचा माणूस वळण टाळून सरळ वर चढतो. त्याच्या मागून दुसरा, दहावा, शंभरावा. गवत मरतें, माती उघडी पडते, आणि पहिल्या मोठ्या पावसांत त्या सरळ रेघेचा ओहोळ होतो. पुढच्या वर्षीं ओहोळाची घळ होते. घळ तटाच्या पायाशीं पोंचली म्हणजे खालची माती निसटते, एक चिरा हलतो, आणि त्याच्या आधारावरचे दहा चिरे निराधार होतात. जो तट बादशहाच्या तोफांपुढें उभा राहिला, तो चार पावलें वांचविणाऱ्या माणसांनीं पाडावा, यासारखी दुसरी शोकाची गोष्ट नाहीं. शिवाय बुरुजाच्या कडेवर चढून बसणें, चिऱ्यांवर नांवें कोरणें, टाक्यांत हातपाय धुणें, खाऊन झाल्यावर कागद व बाटल्या तेथेंच टाकणें, हे प्रकार निराळे.

इतर देशांसही हा प्रश्न पडलेला आहे. इंग्लंडांत रोमन सम्राट हेड्रियन यानें इ. स. १२२ च्या सुमारास बांधावयास घेतलेली लांबलचक भिंत आहे. तिच्या कडेनें ८४ मैलांची पायवाट २००३ सालीं लोकांस खुली झाली. तेथें जाणारास सांगितलें जातें कीं, भिंतीवर चालूं नये. हिरवळीवरून जातांना एकामागून एक न चालतां बरोबरीनें चालावें, म्हणजे एकच चाकोरी पडून माती उघडी होणार नाहीं. वाटेंतील ठाण्यांवर मिळणारे शिक्के मे ते ऑक्टोबर या महिन्यांपुरतेच ठेवले आहेत. हेतु हा कीं, हिवाळ्यांत जमीन ओली व मऊ असतांना लोकांनीं तेथें गर्दी करूं नये. आपल्याकडे नेमकें उलट घडतें. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत राजगडाची माती पाण्यानें भिजून लोण्यासारखी मऊ होते, आणि सर्वांत मोठी गर्दी गडावर चढते ती त्याच महिन्यांतील रविवारीं.

तथापि परदेशाचा दाखला घेण्याची फारशी गरजही नाहीं. ज्या आज्ञापत्रानें पाणी, दरवाजे व वाटा यांचे नियम घालून दिले, त्याच ग्रंथांत केराविषयींही आज्ञा आहे. गडावर मार्गांत, बाजारांत, तटाजवळ केर पडूं देऊं नये, तो गडाखालीं लोटूनही देऊं नये. जागोजाग जाळून त्याच्या राखेवर भाजीपाला करावा, असा तिचा आशय आहे. तीनशें वर्षांपूर्वीं लढाईच्या धामधुमींत ज्यांना या गोष्टीची काळजी होती, त्यांच्या गडावर शांततेच्या काळांत जाणाऱ्या माणसास ती नसावी, हें बरें दिसत नाहीं. महाराष्ट्रांत प्राचीन स्मारकांसंबंधीं १९६० चा अधिनियम आहे, आणि संरक्षित वास्तूचा नाश वा विद्रूपीकरण करणें हा त्याखालीं अपराध आहे. परंतु एवढ्या विस्तीर्ण गडावर प्रत्येक वळणाशीं पहारेकरी उभा राहूं शकत नाहीं. वळणावर पहारा ठेवावयाचा तो चालणाऱ्यानें स्वतःवरच.

राजगड पाहण्याची चांगली रीत साधी आहे. शक्य तर पावसाळा सरूं द्यावा आणि माती घट्ट झाल्यावर जावें. पालीच्या वाटेनें चढून गुंजवण्याच्या वाटेनें उतरावें, म्हणजे राजमार्ग व चोरवाट यांतील भेद शरीरालाच समजतो. जी वाट आहे तिच्यावरूनच चालावें. वळण आलें तर वळावें. पायथ्याच्या गांवांत पिठलें-भाकरी किंवा ताक घ्यावें आणि घटकाभर बसून तेथील माणसांशीं बोलावें, कारण याच गांवांच्या पूर्वजांनीं हे चिरे वर चढविले आणि याच वाटांनीं ते लढावयास गेले. वर गेल्यावर आधीं पद्मावती, मग संजीवनी व सुवेळा, आणि शेवटीं बालेकिल्ला पाहावा. चौथऱ्यांकडे पाहून खट्टू होण्याची वेळ मग येत नाहीं. कारण त्या चौथऱ्यांपर्यंत कोणीही सहज पोंचूं नये म्हणून काय काय केलें होतें, हें तोंवर पायांना ठाऊक झालेलें असतें.

संध्याकाळीं उतरतांना मागें वळून पाहिलें, तर तटाची रेषा डोंगरापासून निराळी ओळखूं येत नाहीं. डोंगर कोठें संपला आणि माणसाचें काम कोठें सुरू झालें, हें सांगणें कठीण होतें. त्या दोहोंस जोडणारी एक बारीक पांढुरकी रेघ तेवढी झाडींतून दिसत राहते. ती वाट जपली तर गड जपला जाईल. आणि ती जपण्यासाठीं तिच्यावरून नीट चालावें, एवढेंच पुरे आहे.